शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

रुग्णालयात केसपेपर निघतो तो एकाच माणसाच्या नावाने. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला घेऊन त्याची पत्नी, सून किंवा मुलगी मेंदुविकारतज्ज्ञाकडे येते, तेव्हा डॉक्टर त्या वृद्धाला आजचा वार विचारतात, कागदावर घड्याळ काढावयास सांगतात, तीन वस्तूंची नावे सांगून थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणावयास लावतात, मेंदूचा स्कॅन पाहतात आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहून देतात. या सबंध वेळात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला जे प्रश्न विचारले जातात, ते सारे रुग्णाविषयीचे असतात. तिला स्वतःला रात्री झोप किती लागते, ती शेवटची घराबाहेर केव्हा पडली होती, गेल्या पंधरवड्यात तिने रुग्णावर हात उगारला होता काय, आणि उगारला असल्यास त्यानंतर ती किती वेळ रडत बसली होती, हे विचारण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. वास्तविक या व्याधीवर आज जी औषधे सर्रास दिली जातात, त्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात एवढेच. अलीकडे निघालेली महागडी इंजेक्शनेही प्रारंभावस्थेतील मोजक्या रुग्णांच्या ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतात, त्याहून अधिक नाही. अशा स्थितीत रुग्णाचे उरलेले आयुष्य सुखात जाईल की हालात, हे औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्या दुसऱ्या खुर्चीवरील बाईच्या प्रकृतीवर आणि मनःस्थैर्यावर अधिक अवलंबून असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ती बाई आहे. (पुरुषही ही सेवा करतात आणि मनापासून करतात; परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीचे सुमारे सत्तर टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात, म्हणून येथे स्त्रीलिंगी प्रयोग योजला आहे.) तिची संख्या लहान नाही. भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्येपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, वृद्धांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. आणि आपल्या देशात असे बहुतेक सर्व रुग्ण संस्थेत नव्हे, घरात राहत असल्यामुळे, जितके रुग्ण आहेत निदान तितकीच त्यांना सांभाळणारी माणसेही आहेत. या माणसांच्या मनाला बळ देण्याची विद्या आज उपलब्ध आहे; तिच्या कसोट्या शास्त्रीय रीतीने लागल्या आहेत; त्यांपैकी एक कसोटी तर आपल्या शेजारी, गोव्यात, लागली आहे; आणि एवढे असूनही ती विद्या आमच्या सार्वजनिक आरोग्याच्या नित्य कारभारात शिरलेली नाही, ही या लेखामागची तळमळ आहे.

* * *

या भाराचे स्वरूप बाहेरच्याला सहसा कळत नाही, कारण दहा मिनिटांच्या भेटीत रुग्ण पुष्कळदा उत्तम बोलतो. पाहुण्याची विचारपूस करतो, चहा घ्या म्हणतो, जुन्या आठवणी सांगतो, आणि पाहुणा बाहेर पडताना म्हणतो, ‘काका तर ठणठणीत दिसतात!’ त्या घरातील सुनेने मात्र त्याच दिवशी सकाळी ‘आंघोळ झाली का?’ या प्रश्नावरून शिवीगाळ ऐकलेली असते, दुपारी ‘माझे पैसे तूच चोरलेस’ हा आरोप शेजाऱ्यांच्या देखत सोसलेला असतो, आणि दिवेलागणीला ज्या घरात ते चाळीस वर्षे राहिले त्याच घराच्या दाराशी उभे राहून ‘मला घरी जायचंय’ असा तगादा लावणाऱ्या माणसाला कडी काढू न देण्यासाठी झटापट केलेली असते. रात्री दोनला ते उठून कपडे करतात आणि कचेरीला निघतात. नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स या अमेरिकन लेखकद्वयाने १९८१ साली अशा कुटुंबांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्याला त्यांनी ‘छत्तीस तासांचा दिवस’ या अर्थाचे नाव दिले, आणि ज्या घरांतून हे दिवस काढले जातात तेथे त्या नावाचे स्पष्टीकरण विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

शास्त्राने या भाराची मोजदाद सुरू केली ती स्टीव्हन झॅरिट यांच्या १९८० सालच्या अभ्यासापासून. शुश्रूषा करणाऱ्याला विचारावयाच्या प्रश्नांची त्यांनी एक यादी केली. प्रथम तीत २९ प्रश्न होते, पुढे २२ राहिले, आणि ती आज जगभर वापरली जाते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते काय, रुग्णाच्या वागण्याची लाज वाटते काय, आपण याहून अधिक करावयास हवे होते असे वाटते काय, अशा स्वरूपाचे ते साधे प्रश्न आहेत. परंतु यादीपेक्षाही त्या पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. सेवा करणाऱ्याला वाटणारा भार हा रुग्णाच्या वर्तनातील बिघाडाच्या प्रमाणात वाढतो, असे झॅरिट यांना आढळले नाही. तो कमी होत होता तो इतर नातलग रुग्णाला भेटावयास किती वेळा येतात त्या प्रमाणात. म्हणजे माणूस आजाराने जितका खचतो, त्याहून अधिक तो एकटेपणाने खचतो. आणि आजार आपल्या हाती नसला तरी एकटेपणा आपल्या हाती आहे, ही आशेची जागा त्या पहिल्याच निबंधात दाखवून दिलेली होती.

हा केवळ मनाचा प्रश्न आहे अशीही समजूत नको. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजारी वा अपंग जोडीदाराची सेवा करताना ज्यांना मानसिक ताण जाणवत होता अशा वृद्ध पतिपत्नींचे चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सेवेची जबाबदारी नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी तर १९९५ साली याहून सूक्ष्म प्रयोग केला: स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तितक्याच इतर स्त्रिया यांच्या हातावर, त्यांच्या संमतीने, एक अगदी लहानशी सारखीच जखम करण्यात आली, आणि सांभाळणाऱ्या स्त्रियांची जखम भरून येण्यास सरासरीने नऊ दिवस अधिक लागले. मनाचा ताण रक्तामांसात उतरतो, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

या ताणात आणखी एक दुःख मिसळलेले असते, आणि त्याला आपल्या चालीरीतींत जागा नाही. माणूस गेला म्हणजे दहावे-तेरावे होते, माणसे भेटावयास येतात, रडावयास मुभा असते. परंतु ज्या पतीबरोबर पन्नास वर्षे काढली तो समोर जेवत बसला असताना आपल्याला ‘बाई, तुम्ही कोण?’ असे विचारतो, तेव्हा त्या पत्नीने कोणते सुतक पाळावे? मिनेसोटा विद्यापीठातील पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचे नाव देऊन १९९९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. देहाने उपस्थित आणि मनाने अनुपस्थित अशा माणसाच्या सहवासात शोक पुरा होऊ शकत नाही, आणि शोक पुरा होत नाही म्हणून माणूस गोठल्यासारखा होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समुपदेशकाने अशा पत्नीला प्रथम सांगावयाचे असते ते इतकेच, की तुम्ही दुःख करीत आहात ते जिवंत माणसाचे असले तरी खरे आहे.

आपल्याकडे या दुःखावर समाजाचा ठपकाही बसतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील वस्त्यांतून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तेथील लोकांना या व्याधीची लक्षणे चांगली परिचयाची होती, परंतु तिला कोणी आजार मानीत नव्हते; काहींच्या मते ते वार्धक्याचे नित्याचे लक्षण होते, तर काहींच्या मते मुलांनी हेळसांड केल्याचे, माया न लावल्याचे फळ होते. मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी वाराणसीत राहून लिहिलेल्या १९९८ सालच्या ग्रंथातही वृद्धाच्या बुद्धिभ्रमाचे खापर ‘बिघडलेल्या कुटुंबावर’ फोडण्याची हीच रीत नोंदविली आहे. महाराष्ट्रातील स्थिती निराळी नाही. ‘म्हातारचळ लागला’ म्हणून एक जण सोडून देतो, आणि दुसरा हळूच म्हणतो की सुनेने जेवायला नीट घातले असते तर सासऱ्याचे असे झाले नसते. मेंदूतील पेशींचा ऱ्हास होत असतो, आणि त्याचा जाब विचारला जातो तो स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला. ती स्वतःही तो जाब स्वतःला विचारू लागते, हे सर्वांत वाईट.

* * *

अशा मनावर उपचार कसा करावयाचा? केवळ धीर देऊन नव्हे, आणि ‘स्वतःकडेही लक्ष द्या हं’ असा कोरडा उपदेश करून तर नव्हेच. गेल्या चार दशकांत जे उपाय कसोटीस उतरले त्यांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गिल लिव्हिंग्स्टन आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘स्टार्ट’ हा आठ बैठकींचा पाठ्यक्रम विशेष विचारार्ह आहे. त्याचा पाया अमेरिकेतील डोलोरेस गॅलाघर-थॉम्पसन यांच्या कार्यात आहे, आणि तात्त्विक बैठक बोधात्मक-वर्तनोपचाराची आहे. म्हणजे विचार, भावना आणि कृती यांची साखळी ओळखून ती जेथे तोडता येईल तेथे तोडावयाची. एक प्रशिक्षित व्यक्ती शुश्रूषा करणाऱ्याला एकांतात, बहुधा त्याच्याच घरी, भेटते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी शिथिलीकरणाचा एक लहान अभ्यास होतो. आणि पुस्तिका त्या माणसाकडेच कायम राहते.

या पाठ्यक्रमाचे मर्म त्याच्या पहिल्या काही बैठकींत दिसते. समजा, एक निवृत्त गृहस्थ रोज सायंकाळी दाराकडे धाव घेतात. सुनेला एक कोरा तक्ता दिला जातो आणि आठवडाभर तीन गोष्टी टिपावयास सांगितले जाते: असे होण्याच्या आधी काय घडले, नेमके काय झाले, आणि त्यानंतर कोणी काय केले. आठ दिवसांनी तो तक्ता समोर ठेवून दोघी बसतात, तेव्हा जे निव्वळ वेड वाटत होते त्यात क्रम दिसू लागतो. गडबड रोज साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान होते. त्या वेळी बाहेरच्या खोलीत अंधारून आलेले असते पण दिवा लावलेला नसतो, टीव्हीवर मालिका मोठ्याने चालू असते, सून स्वयंपाकघरात गुंतलेली असते आणि सासऱ्यांच्या जवळ कोणी नसते. शिवाय तीस वर्षे याच वेळी ते कचेरीतून उठून घरची गाडी पकडत असत. मग दोघी मिळून तजवीज ठरवितात: पाच वाजता दिवे लावावयाचे, टीव्ही बंद करावयाचा, शेजारच्या मुलाबरोबर त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणावयाचे, आणि परत आल्यावर मटारच्या शेंगांची परडी त्यांच्या पुढ्यात ठेवून ‘बाबा, एवढ्या सोलून देता का?’ म्हणावयाचे. ‘हेच तुमचं घर आहे’ असा वाद घालावयाचा नाही. कारण ज्याला ते आठवत नाही त्याला पुराव्याने ते पटत नाही. ही योजना पहिल्याच दिवशी फळेल असे नाही. न फळल्यास तक्ता पुन्हा भरावयाचा आणि दुसरी योजना करावयाची. परंतु एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात घडते. ‘हे माझा सूड घेतात’ असे ज्या बाईला काल वाटत होते, तिला आज असे दिसते की या वागण्याला कारण आहे, आणि त्या कारणाला आपण हात घालू शकतो. हतबलतेतून बाहेर पडण्याचे ते पहिले पाऊल होय.

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल की स्मृती हरपलेल्या पंडित शास्त्रीबुवांना सर्वांत सहजपणे सांभाळते ती माहुताची अशिक्षित बायको. ती त्यांना दुरुस्त करीत नाही, त्यांची परीक्षा घेत नाही. ते जसे आहेत तसे तिला चालतात. तिला जे स्वभावतः साधले ते इतरांना शिकून साधावे लागते, आणि शिकविले तर साधते, हाच या उपचारपद्धतीचा विश्वास आहे.

पुढील बैठकी मनातल्या विचारांकडे वळतात. ‘मी चिडले, म्हणजे मी वाईट सून आहे’, ‘माझ्याशिवाय हे कोणालाच जमणार नाही’, ‘मी सिनेमाला गेले तर लोक काय म्हणतील’ ही वाक्ये ती बाई दिवसभर स्वतःशी घोकीत असते आणि त्यांना वस्तुस्थिती समजत असते. समुपदेशक त्यांचा प्रतिवाद करीत नाही. तो तिलाच विचारतो, की तुमच्या बहिणीने असे सांगितले असते तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? बहिणीसाठी जे औदार्य तत्काळ सुचते, ते स्वतःच्या बाबतीत वापरण्याचा हा सराव आहे. नंतर येते मदत मागण्याची कला. ‘तुम्हाला काय, तुम्ही तिकडे सुखात’ असे दिरांना म्हणून भांडण होते, मदत होत नाही. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी तुम्ही येथे राहावयास या, मी माहेरी जाईन’ असे स्पष्ट, नम्र आणि मुदतीसकट सांगितले, म्हणजे दिरांनाही हो किंवा नाही म्हणावे लागते. पुढे भवितव्याचा विचार, म्हणजे आजार वाढल्यावर कोणते उपचार करावयाचे आणि कोणते नाहीत, पैशाची व्यवस्था काय, हे वेळीच ठरविणे. आणि शेवटी सुखद गोष्टींची योजना. अर्धा तास भजनीमंडळात जाऊन येणे, मैत्रिणीला फोन करणे, गच्चीवर एकटीने चहा घेणे, इतक्या त्या लहान असतात, पण त्या ‘जमल्यास’ या सदरात न ठेवता वार आणि वेळ लिहून पक्क्या केल्या जातात.

या आठ बैठकींनी काय साधले? लिव्हिंग्स्टन यांनी २६० शुश्रूषकांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गट पाडून ही कसोटी घेतली आणि २०१३ साली पहिले निष्कर्ष जाहीर केले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटापेक्षा पाठ्यक्रम मिळालेल्यांची चिंता आणि खिन्नता कमी झाली होती. परंतु खरा विस्मय पुढे आहे. सहा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हाही, ज्यांना हा पाठ्यक्रम मिळाला नव्हता त्यांना उपचारयोग्य नैराश्य असण्याची शक्यता, ज्यांना तो मिळाला होता त्यांच्या सुमारे पाचपट होती. केवळ आठ भेटी, आणि त्यांचा ठसा सहा वर्षे! हे बहुधा यामुळे घडले की त्या माणसाला सांत्वन देण्याऐवजी कौशल्य दिले गेले. सांत्वन ओसरते, कौशल्य वापराने पक्के होते. आणि आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब ही, की बैठकी घेणारे मोठे तज्ज्ञ नव्हते. ते मानसशास्त्राचे साधे पदवीधर होते, त्यांना प्रशिक्षण दिले होते आणि एक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवीत असे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी २०१८ साली स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषकांना असे शिक्षण व कौशल्य देऊ करावे असे सांगितले, म्हणजे तेथे हा प्रश्न दयेच्या सदरातून निघून कर्तव्याच्या सदरात आला.

अमेरिकेतील मेरी मिटलमन यांचा न्यूयॉर्क विद्यापीठातील प्रयोग १९८७ साली सुरू झाला आणि त्याची दिशा थोडी निराळी होती. त्यांनी व्यक्तीइतकेच कुटुंब समोर बसविले: सेवा करणाऱ्या पती वा पत्नीशी दोन बैठकी एकांतात, आणि चार बैठकी मुले, सुना, भाऊ-बहिणी यांच्यासह, त्यानंतर सहायक गटात सहभाग, आणि अडचण येईल तेव्हा दूरध्वनीवर सल्ला, तोही कितीही वर्षे. ४०६ जोडप्यांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २००६ साली त्यांनी दाखविले, की या आधारामुळे रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सरासरीने ५५७ दिवस, म्हणजे दीड वर्षाहून अधिक, लांबली. आपल्याकडे शुश्रूषागृहांचीच वानवा असल्याने हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. परंतु भावंडांना एका खोलीत बसवून कामाची वाटणी करून देणारा तटस्थ माणूस असणे याची किंमत, ज्या घरांत आईला कोणी ठेवायचे यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला आहे, तेथे वेगळी सांगावी लागणार नाही.

* * *

‘हे सारे विलायतेत ठीक, आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञच कोठे आहेत?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. त्याची पार्श्वभूमी केरळातली. कोची येथे १९९२ साली भारतीय अल्झायमर संघटनेची स्थापना झाली, आणि तेथेच १९९८ साली भरलेल्या एका परिषदेतून ‘टेन-सिक्स्टी-सिक्स’ या नावाचा आंतरराष्ट्रीय संशोधकगट जन्मास आला. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना या विषयावरील संशोधनाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग त्यांच्या वाट्याला येत होता, ही विषमता त्या नावातच नोंदविलेली आहे. या गटाशी संबंधित असलेले डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी, १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या आधाराने, गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर जी कसोटी घेतली तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

त्यांच्या योजनेचा कणा होता गृहसेवा-सल्लागार. ही माणसे डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. उच्च माध्यमिक शिक्षणाच्या आसपासची, स्थानिक भाषा बोलणारी, कामाची आवड असलेली माणसे निवडून त्यांना आठवडाभराचे कसून प्रशिक्षण दिले होते, आणि मागे एक मानसोपचारतज्ज्ञ व एक समुपदेशक यांचा आधार ठेवला होता. सल्लागार सहा महिने निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. गरज असेल तेथे अधिक वेळा. ते काय करीत? हा आजार आहे, कोणाच्या कसुराचा परिणाम नाही, हे समजावून सांगत. आंघोळ, भटकणे, संशय, रात्रीचे जागरण अशा अडचणींवर त्या घराला जमेल असा मार्ग सुचवीत. घरातील इतरांना हाताशी धरण्यास मदत करीत. औषधाची गरज दिसल्यास तज्ज्ञाकडे पाठवीत. एका कुटुंबाची दुसऱ्या कुटुंबाशी गाठ घालून देत. आणि सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा याची माहितीही देत. ओसरीवर बसून, घरच्या भाषेत, चहा घेता घेता होणारे हे बोलणे म्हणजे मानसोपचारच होय. फक्त त्याला दवाखान्याची भिंत नव्हती.

सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सल्लागार ज्या घरी जात होते तेथील शुश्रूषकांचे एकंदर मानसिक आरोग्य सुधारलेले होते, आणि रुग्णाच्या त्रासदायक वागण्याने होणारा मनस्ताप प्रतीक्षा-यादीवरील कुटुंबांपेक्षा स्पष्टपणे उणावला होता. झॅरिट यांच्या मापावरील भारही कमी झाला, परंतु तो फरक संख्याशास्त्राच्या कसाला पुरेसा उतरला नाही, आणि रुग्णाच्या क्षमतेत सुधारणा झाली नाही. कसोटीच्या काळात १८ रुग्ण दगावले. प्रयोग लहान होता आणि त्याचे दावेही मापात होते. तरीही जे सिद्ध झाले ते थोडे नाही: बारावी शिकलेली, आठवडाभर तयार केलेली व्यक्ती, मागे एक तज्ज्ञ उभा असेल तर, एका खचलेल्या घराचे मन सावरू शकते.

या जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. केवळ माहिती दिल्याने भार हलका होत नाही, हे वारंवार दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शुश्रूषकांसाठी ‘आयसपोर्ट’ नावाचा संगणकावरून शिकावयाचा उत्तम पाठ्यक्रम तयार केला. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत त्याची भारतीय कसोटी झाली तेव्हा रुग्णाकडे पाहण्याची शुश्रूषकांची दृष्टी काहीशी निवळली, परंतु नैराश्य आणि भार यांत लक्षणीय फरक पडला नाही, आणि पुष्कळांनी तो अर्ध्यावर सोडला. ज्या बाईला दिवसाकाठी वीस मिनिटे सलग मिळत नाहीत, तिला पडद्यावरचे पाठ पुरे करता येत नाहीत, आणि केले तरी तिचा तक्ता पाहून ‘परवा जमलं की तुम्हाला!’ म्हणणारे तेथे कोणी नसते. नुसत्या विचारपरिवर्तनाच्या उपायांचा जो साकल्याने आढावा २०११ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, त्यातही चिंता, खिन्नता आणि ताण यांना उतार पडलेला दिसला; भाराच्या मापात मात्र तसा फरक दिसला नाही. याचा अर्थ उघड आहे: मन सावरल्याने माणूस खचत नाही, पण त्याच्या खांद्यावरचे काम त्याने कमी होत नाही, काम कमी करावयास दुसरे हातच लागतात.

जेथे बदलणे शक्यच नाही अशा दुःखासाठी अलीकडे स्वीकारावर आधारलेली उपचारपद्धतीही वापरात आली आहे. माद्रिदमधील आंद्रेस लोसादा यांनी २०१५ साली नैराश्यग्रस्त शुश्रूषकांवर तिची तुलना बोधात्मक-वर्तनोपचाराशी केली, आणि उपचार संपताना दोन्ही पद्धती गुणकारी ठरल्या. दुःखाशी झुंजत बसण्याऐवजी त्याला सोबत घेऊन आपल्याला जे मोलाचे वाटते ते करीत राहावे, ही तिची शिकवण संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी मनाला अगदीच परकी वाटू नये. मात्र स्वीकार हा शरणागतीचा पर्याय म्हणून सुनांच्या गळ्यात बांधला जाऊ नये, एवढी सावधगिरी आपल्या समाजात बाळगली पाहिजे; दुःखाचा स्वीकार करावयाचा असतो, अन्यायाचा नव्हे.

* * *

आता आपल्या दप्तराकडे पाहू. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा केंद्राने २००७ साली केला, आणि तो आवश्यकच होता; परंतु ती जबाबदारी जो पार पाडतो आहे त्याला रजा, वेतन, विश्रांती किंवा प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात नाही. शहरांतून ब्यूरोची मावशी बारा तासांसाठी मिळते, पण तिचा महिन्याचा पगार पुष्कळ घरांच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि तिलाही या आजाराचे शिक्षण कोणी दिलेले नसते. खेड्यात तीही नाही. आशा कार्यकर्ती मात्र गावोगाव आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर का होईना पण आहे. गोव्याच्या प्रयोगात जे लागले त्याहून फार निराळे असे यात काय लागणार आहे? प्रत्येक तालुक्यात दोन-तीन प्रशिक्षित गृहसल्लागार, त्यांच्यासाठी घरगुती मराठीत लिहिलेली एक पुस्तिका, महिन्यातून दोनदा त्यांच्या नोंदी तपासणारा जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ, आणि आठवड्यातून दोन दिवस रुग्णांना चार तास सांभाळणारे एखादे दिवसा-केंद्र, जे ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीतही चालू शकते. आशा कार्यकर्तीवर हे काम फुकटात लादू नये, तिला त्याचा वेगळा मोबदला द्यावा. एका राबणाऱ्या बाईचा भार दुसऱ्या राबणाऱ्या बाईवर टाकणे हा काही इलाज नव्हे. आणि स्मृतिभ्रंशाचे निदान लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने रुग्णाच्या केसपेपरवरच सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या झोपेची, मनःस्थितीची आणि मदतीची नोंद करावी, असा साधा हुकूम आरोग्यखात्याने काढला, तर त्याला कोणत्याही अंदाजपत्रकाच्या मंजुरीची गरज पडणार नाही.

तोपर्यंत वाचकांपैकी ज्यांच्या घरी हे चालले आहे त्यांना मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. तुमचा राग हा तुमच्या दुष्टपणाचा पुरावा नाही, थकव्याचा आहे. मन फारच खचले, मरणाचे विचार येऊ लागले, किंवा रुग्णावर हात टाकला जाईल अशी भीती वाटू लागली, तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा विनामूल्य उपलब्ध आहे, आणि वृद्धांविषयीच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डर लाइन’ आहे; तेथे फोन करण्यात कमीपणा नाही. आणि मदत मागताना ती नेमकी मागा: कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती तास.

ज्यांच्या घरी हे नाही, त्यांच्याकडे मागणे याहून लहान आहे. आपल्या आप्तस्वकीयांत असे एखादे घर नक्की असेल. दिवाळीत तेथे फराळाचा डबा देऊन दहा मिनिटांत परत फिरू नका. ‘काका ठणठणीत दिसतात’ असे तर चुकूनही म्हणू नका. काकांजवळ दोन तास बसा, त्यांना सांभाळणाऱ्या बाईला त्या दोन तासांसाठी घराबाहेर पाठवा, आणि पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला पुन्हा येणार हे सांगूनच तेथून निघा.